लेपा ब्रेना ऐकायला सुरुवात कशी करावी: टर्बो-फोकच्या उंबऱ्यावर उभ्या असलेल्यांसाठी

श्टुटगार्टमधल्या आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर एक बोस्नियन बाई राहतात. त्यांना सगळे ‘तेता’ म्हणतात. तेता म्हणजे मावशी, आत्या किंवा शेजारच्या काकू, जे लागू पडेल ते. नवऱ्याच्या नोकरीमागे त्या ऐंशीच्या दशकात जर्मनीत आल्या आणि इथल्याच झाल्या. दर शनिवारी सकाळी त्यांच्या स्वयंपाकघरातून अकॉर्डियन ऐकू येतो आणि त्यावर एका बाईचा खणखणीत, जरासा खट्याळ आवाज. एकदा मी खाली गेले आणि कौतुकानं म्हटलं, “तेता, तुमची ही सर्बियन गाणी फार गोड आहेत.” त्या कॉफी ओतत होत्या. हातातला लांब दांड्याचा जेझ्वा त्यांनी परत शेगडीवर ठेवला. “सर्बियन? ती आमच्या बृच्कोची आहे. माझ्या माहेरापासून बारा किलोमीटर.” आणि मग कॉफी दिली.

ती गाणारी बाई म्हणजे लेपा ब्रेना. माझी पहिली चूक तुमच्या हातून होऊ नये, म्हणून हा लेख. आग्नेय युरोपातल्या बाल्कन देशांमधलं हे संगीत, ज्याला आज ‘टर्बो-फोक’ म्हणतात, आपल्याकडे बहुतेकांना रीलमधल्या एखाद्या तुकड्यापुरतं माहीत असतं. लग्नात नाचणारी माणसं, चकचकीत कपडे, कर्कश सिंथेसायझर. एवढ्यावरून हसून पुढे जायचं असेल तर हरकत नाही. पण आत शिरायचं असेल तर ब्रेनाच्या दारानंच शिरा, कारण ती या सगळ्याच्या आधी होती आणि अजूनही आहे.

पायरी १: नाव नीट म्हणा

हे काम मराठी माणसाला सोपं आहे, इंग्रजीच्या वळणानं वाचायचं तेवढं सोडून द्या. त्या भाषेत रोमन ‘जे’ म्हणजे ‘य’. ‘सी’ म्हणजे आपल्या चाक, चोच, चमचा यांतला च. आणि त्या ‘सी’वर टोपी किंवा तिरपी रेघ असली तर चहा, चिमणी यांतला च. हे दोन च वेगळे ऐकू येण्यासाठी इतरांना महिने घालवावे लागतात. आपण ते आईच्या दुधाबरोबर घेतलेले असतात. म्हणून ‘सेका’ म्हणू नका, ‘चेचा’ही नाही. ती गायिका ‘त्सेत्सा’ आहे, चोचीतल्या च-ची. तिच्याबद्दल पुढे.

दुसरी गंमत म्हणजे ऋ. आपण ‘ऋषी’ म्हणताना ‘रु’ किंवा ‘रि’ म्हणून वेळ मारून नेतो. तिथं मात्र र हा अजून स्वर आहे. सर्बियाला ते ‘सृबिया’ म्हणतात आणि ब्रेनाचं गाव ‘बृच्को’. शाळेत संस्कृत घेतलं असेल तर त्याचा असाही उपयोग होतो.

आता खुद्द नाव. तिचं जन्मनाव फाह्रेता याहिच. जन्म २० ऑक्टोबर १९६० चा, तुझला शहरातला; बालपण गेलं बृच्कोत, सावा नदीच्या काठी. ‘ब्रेना’ हे नाव बास्केटबॉलच्या प्रशिक्षकानं ठेवलेलं, आणि त्यामागचं ‘लेपा’, म्हणजे ‘सुंदर’, हे मिलोवान इलिच मिनिमाक्स या त्या काळच्या प्रसिद्ध रेडिओ-टीव्ही निवेदकानं चिकटवलेलं. इथं जरा थांबा, कारण सगळी गोष्ट या एका शब्दात आहे. बृच्कोत कुणी सुंदरला ‘लेपा’ म्हणत नाही. तिथं ‘लियेपा’ म्हणतात. दुधाला सर्बियात ‘म्लेको’, बोस्नियात ‘म्लियेको’. नदी ‘रेका’ की ‘रियेका’, गाणं ‘पेस्मा’ की ‘प्येस्मा’. भाषा तीच, एक ‘य’ कुठं येतो आणि कुठं गळतो एवढाच फरक. आपल्याकडे पाणी आणि पानी यांवरून माणसाचं गाव, शिक्षण आणि आणखी काय काय ताडलं जातं, तसंच ते. तर बोस्नियाच्या मुसलमान घरातली ही मुलगी सर्बियन वळणाचं नाव घेऊन स्टेजवर उभी राहिली आणि १९८२ मध्ये त्याचं कुणाला फारसं काही वाटलं नाही. पुढे वाटायला लागलं.

शोधताना रोमन अक्षरांत साधं नाव टाका. टोप्या आणि रेघा टंकायची गरज नाही, गाणी सापडतात.

पायरी २: नकाशा एकदा पाहून घ्या

पाच मिनिटांचं काम आहे. युगोस्लाव्हिया हा सहा प्रजासत्ताकांचा देश होता: स्लोव्हेनिया, क्रोएशिया, बोस्निया-हर्जेगोव्हिना, सर्बिया, माँटेनेग्रो, मॅसेडोनिया. आपल्या आजोबांच्या पिढीला तो नेहरूंच्या मित्राचा, टिटोंचा देश म्हणून ठाऊक होता. अलिप्त राष्ट्रांची पहिली परिषद १९६१ मध्ये बेलग्रेडलाच भरली. नकाशात बृच्को शोधा. बोस्नियाच्या ईशान्य टोकाला, नदीपलीकडे थेट क्रोएशिया, आणि सर्बियाही फार लांब नाही. तिथून बेलग्रेड आणि नोवी साद हाकेच्या अंतरावर नसली तरी शिकायला जाता येईल एवढी जवळ. ब्रेना तशीच गेली.

१९८० च्या एप्रिलमध्ये तिनं नोवी सादच्या ‘लिरा शो’ नावाच्या वाद्यवृंदाबरोबर बाच्का पालांका गावातल्या एका हॉटेलात पहिला कार्यक्रम केला. त्यांची आधीची गायिका सोडून गेली होती, जागा रिकामी होती, एवढंच निमित्त. महिन्याभरात, ४ मे १९८० ला, टिटो वारले. तेताला या दोन गोष्टी एका दमात सांगायची सवय आहे, जणू एकीमुळे दुसरी झाली. वाद्यवृंदाचं नाव पुढे ‘स्लात्की ग्रेह’ झालं, म्हणजे ‘गोड पाप’. त्याचा म्होरक्या साशा पोपोविच, हे नाव लक्षात ठेवा.

पायरी ३: ही गाणी, याच क्रमानं

पहिल्याच दिवशी आजची गाणी लावू नका. कान बसत नाही. १९८२ पासून सुरू करा आणि प्रत्येक गाणं तीनदा ऐका: एकदा आवाजासाठी, एकदा अकॉर्डियनसाठी, एकदा ठेक्यासाठी. एक सावधगिरी. ते लोक अकॉर्डियनला ‘हार्मोनिका’ म्हणतात. तोंडानं वाजवायच्या बाजाशी त्याचा संबंध नाही. पुण्याच्या एनॉक डॅनियल्स यांचा अकॉर्डियन ज्यांनी ऐकलाय त्यांच्या कानाला एक गोष्ट लगेच जाणवेल: आपल्याकडे हे वाद्य तरंगत जातं, तिथं ते धावतं. उजव्या हाताची बोटं एका सुराभोवती इतक्या भराभर मुरक्या घेतात की गाणारीला त्यांच्या मधून वाट काढावी लागते.

पहिलं गाणं ‘मिले वोली दिस्को’, १९८२ चं. मिले नावाच्या पोराला डिस्को आवडतो आणि गाणाऱ्या मुलीला शुमादियाचा कोलो, म्हणजे मध्य सर्बियातलं गोलात धरायचं लोकनृत्य. भांडण एवढंच. पण गाण्यात दोन्ही आहेत: ड्रम डिस्कोचा, अकॉर्डियन कोलोचा, आणि दोघे एकमेकांना सोडत नाहीत. पुढच्या चाळीस वर्षांत या संगीतानं जे जे केलं त्याचं बी इथं आहे. मला विचाराल तर हे एकच गाणं ऐकून लेख मिटला तरी चालेल.

दुसरं ‘चाचक, चाचक’, त्याच वर्षीचं, तिच्या पहिल्या अल्बमचं नावही तेच. गाणी मिलुतिन पोपोविच झाहार यांची. चाचक हे सर्बियातलं गाव. जवळच गुचा आहे, जिथं १९६१ पासून तुताऱ्या वाजवणाऱ्यांचा मेळा भरतो. म्हणजे बोस्नियाची मुलगी सर्बियाच्या गावाचं कौतुक गातेय, आणि सगळा देश नाचतोय.

तिसरं, ‘सित्नीये, त्सिले, सित्नीये’. कोलो नाचताना पावलं बारीक पडायला हवीत, जमिनीला शिवून लगेच उचलायची. ‘सित्नीये’ म्हणजे आणखी बारीक. अर्थ कळला की ठेका आपोआप पायात उतरतो. हे गाणं घेऊन ती १९८३ मध्ये युरोव्हिजन या युरोपीय गायन स्पर्धेसाठीच्या युगोस्लाव्ह निवड फेरीत गेली आणि गहजब झाला. पॉप संगीताच्या मांडवात गावरान बाई आली कशी? जिंकला दानियेल पोपोविच, त्याच्या ‘जुली’साठी. म्युनिकच्या अंतिम फेरीत तो चौथा आला. ब्रेना हरली, पण चर्चा तिचीच झाली.

मग थोडं मोकळं ऐका. १९८४ चं ‘पिले मोये’ लावा. पिले म्हणजे कोंबडीचं पिल्लू आणि लाडानं हाक मारायचा शब्दही तोच, अगदी आपल्या ‘पिल्लू’सारखा. त्यानंतर १९८७ चं ‘हाय्दे दा से वोलिमो’. हाय्दे म्हणजे चला, आणि बाकीचं म्हणजे एकमेकांवर प्रेम करू या. इथवर येईतो गायकी बदललेली ऐकू येते. अकॉर्डियन मागे सरकलाय, कीबोर्ड पुढे आलाय, आणि कॅमेऱ्यासमोरची ब्रेना गावच्या जत्रेतली राहिलेली नाही. या बदलामागे तिचा मॅनेजर राका जोकिच होता. सोनेरी केस, आखूड स्कर्ट, भव्य स्टेज हे सारं त्याच्या काळातलं. तिच्या रूपाची बाहुली दुकानात मिळायला लागली.

शेवटी १९८९ चं ‘युगोस्लोवेन्का’. यासाठी वेळ राखून ठेवा आणि व्हिडिओच पाहा. तिला विचारलं जातं, कुठली गं तू? आणि उत्तरात डोळ्यांना समुद्राची आणि केसांना मैदानातल्या गव्हाच्या लोंब्यांची उपमा देत ती सांगते की मी युगोस्लाव्ह. बरोबर तीन पुरुष गातात: बोस्नियाचा आलेन इस्लामोविच, क्रोएशियाचा व्लादो कालेंबेर, आणि तिसरा तो दानियेल, सहा वर्षांपूर्वी तिच्यावर मात केलेला. वाऱ्यावर झेंडा आहे. आता गाण्याचं नाव पुन्हा म्हणा: युगोस्लोवेन्का. हे सर्बियन रूप झालं. क्रोएशियात ‘युगोस्लावेन्का’ म्हणतात. आम्ही सगळे एक आहोत असं सांगणाऱ्या शब्दातही एका स्वरावर मतभेद होता, आणि दोन वर्षंही गेली नाहीत तोवर, २५ जून १९९१ ला, स्लोव्हेनिया आणि क्रोएशिया वेगळे झाले. तेता हे गाणं लावत नाही. लागलं तर बंदही करत नाही. भांडी घासायला उठते.

पायरी ४: ‘टर्बो-फोक’ हा शब्द जपून वापरा

हा शब्द मुळात थट्टेचा आहे. माँटेनेग्रोचा रँबो आमादेउस नावाचा विनोदी-उपहासी गायक आहे. त्यानं ऐंशीच्या दशकाच्या शेवटी स्वतःच्या संगीताची टर उडवताना तो काढला. टर्बो इंजिन आणि लोकगीत, दोन न जुळणाऱ्या गोष्टी एकत्र. पुढे थट्टा राहिली बाजूला आणि नव्वदच्या दशकातल्या सिंथेसायझरवाल्या, नाइट क्लबवाल्या लोकसंगीताला तेच नाव पडलं.

ब्रेनाच्या सुरुवातीच्या गाण्यांना त्या काळी ‘नोवोकोंपोनोवाना’ म्हणत, म्हणजे नव्यानं रचलेली लोकगीतं. हा शब्दही नाक मुरडूनच उच्चारला जायचा. शिकलेल्या मंडळींना ही गाणी हीन अभिरुचीची वाटत. समाजवादी युगोस्लाव्हियात तर सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपासून ‘शुंद’ कर होता. शुंद म्हणजे टाकाऊ, बाजारू. समिती बसायची, रेकॉर्ड ऐकायची, आणि टाकाऊ ठरली तर करमाफी मिळत नसे. तेताकडे जुन्या रेकॉर्डींचा एक गठ्ठा आहे. त्यातल्या काहींच्या पाठीवर बारीक अक्षरांत ‘करमुक्त’ असं छापलेलं तिनं मला दाखवलं. सरकारनं दिलेलं चांगल्या चालीचं प्रमाणपत्रच ते. तिच्या आवडत्या रेकॉर्डींवर ते नाही.

तेव्हा ब्रेनाला सरसकट टर्बो-फोक म्हणू नका. तिथल्या जाणत्या माणसासमोर तर नाहीच. ती त्या गल्लीची पहिली रहिवासी होती आणि पुढे गल्लीची मालकीणही झाली, असं म्हणा.

पायरी ५: सिनेमे हवे तर पाहा

‘हाय्दे दा से वोलिमो’ याच नावानं तीन सिनेमे निघाले, १९८७, १९८९ आणि १९९० मध्ये. ब्रेना ब्रेनाचीच भूमिका करते, बस भरून वाद्यवृंद फिरतो, काहीबाही गोंधळ होतो, गाणी येतात. गोष्टीसाठी पाहायला जाल तर वैतागाल. पण समुद्रकिनारा, हॉटेलं, गाड्या, माणसांचे कपडे पाहा. देश फुटण्याच्या तोंडावर स्वतःला किती सुखी समजत होता ते दिसतं. त्याआधी १९८२ च्या ‘तेस्ना कोझा’ या विनोदी सिनेमात ती गाताना दिसते. तो सिनेमा या तिघांपेक्षा सरस आहे, मात्र त्यात ती थोडाच वेळ आहे.

देशाबाहेरही ती पोचली होती. हुकूमशहा चाउशेस्कूच्या रोमानियात, टिमिशोआराला, १९८४ मध्ये तिनं स्टेडियम भरवलं. १९९० मध्ये सोफियाच्या लेव्स्की स्टेडियमवर ती हेलिकॉप्टरनं उतरली. पडक्या आवाजातलं त्याचं चित्रीकरण नेटवर मिळतं, ते पाहाच.

पायरी ६: आता १९९१ च्या पुढचं

इथं घाई करू नका, आणि ही पायरी गाळू तर मुळीच नका. तेताला चुकीचा प्रश्न विचारायचा नसेल तर हे माहीत हवं.

७ डिसेंबर १९९१ ला ब्रेनानं बेलग्रेडच्या इंटरकाँटिनेंटल हॉटेलात स्लोबोदान ‘बोबा’ झिवोयिनोविचशी लग्न केलं. टेनिस पाहणाऱ्या जुन्या मंडळींना तो आठवेल, १९८६ च्या विंबल्डनमध्ये उपांत्य फेरी गाठलेला तोफखाना. नवरा सर्ब, बायको बोस्नियाची मुसलमान. त्याच्या तीन आठवडे आधी, १८ नोव्हेंबरला, क्रोएशियातलं वुकोवार शहर तोफांच्या माऱ्यानं पडलं होतं. पुढच्या वसंतात युद्ध बोस्नियात आलं. बृच्को सर्ब सैन्याच्या ताब्यात गेलं, तिथल्या मुसलमान आणि क्रोएट लोकांना हाकललं गेलं, आणि नदीकाठच्या गोदामांत ‘लुका’ नावाची छळछावणी उघडली. लुका म्हणजे बंदर. तिथल्या हत्यांसाठी गोरान येलिसिचला हेगच्या युद्धगुन्हे न्यायाधिकरणानं शिक्षा केली. ज्या गावानं ब्रेनाला बास्केटबॉल शिकवला, ते हे गाव.

ती बेलग्रेडलाच राहिली आणि गात राहिली. १९९३ च्या अल्बमचं नाव ‘या नेमाम द्रुगी दोम’, म्हणजे मला दुसरं घर नाही. गाणं प्रेमाचं आहे. पण त्या वर्षी ते नाव कोण कसं वाचेल ते कुणाच्या हातात नव्हतं. त्याच काळात बृच्कोत लष्करी गणवेशातला तिचा एक फोटो निघाला. घरच्यांपर्यंत सुरक्षित पोचता यावं म्हणून तो अंगावर घातला होता, असं तिचं म्हणणं. ते पटणारे आहेत आणि न पटणारेही. २००९ मध्ये ती सारायेवो आणि झाग्रेबमध्ये गायला गेली तेव्हा माजी सैनिकांनी याच फोटोवरून निदर्शनं केली. दोन्हीकडे कार्यक्रम झाले आणि गर्दीही झाली.

बेलग्रेडमधला तो काळही डोळ्यांपुढे आणा. १९९२ पासून संयुक्त राष्ट्रांचे निर्बंध. १९९३ अखेरीस पन्नास हजार कोटी दिनारची एक नोट निघाली, तिच्यावर झ्माय या कवीचं चित्र. पगार हातात पडेपर्यंत त्याची किंमत जायची. दुकानं ओस, आणि टीव्हीवर मात्र झगमगाट. १९९४ मध्ये ‘पिंक’ ही वाहिनी सुरू झाली आणि टर्बो-फोकला घराघरात जागा मिळाली. हे संगीत युद्धखोरांचंच, असं तेव्हाचे विरोधक म्हणत. मला ते निम्मंच खरं वाटतं. गुंड आणि सैनिक हीच गाणी ऐकत होते, यात वाद नाही. पण झाग्रेब आणि सारायेवोतली पोरंही ती कॅसेटवर चोरून ऐकत होती, आणि त्यांच्या आईबापांना ते ठाऊक होतं.

पायरी ७: गायिकेमागची धंदेवाली बाई ओळखा

१९९८ मध्ये ब्रेना, तिचा नवरा आणि तो म्होरक्या साशा पोपोविच यांनी ‘ग्रांद’ ही कंपनी उभारली. रेकॉर्ड काढायच्या, टीव्हीचे कार्यक्रम करायचे, गायक घडवायचे. २००४ पासून ‘झ्वेज्दे ग्रांदा’ ही गाण्याची स्पर्धा सुरू झाली. झ्वेज्दे म्हणजे तारे. बोस्नियात म्हणतील ‘झ्वियेज्दे’. नाव सर्बियन, पण स्पर्धक बोस्नियातून, माँटेनेग्रोतून, मॅसेडोनियातून, क्रोएशियातूनही यायला लागले. जो देश सैन्यांनी तोडला त्याचा बाजार तिनं शनिवार रात्रीच्या कार्यक्रमानं पुन्हा जोडला, असं म्हटलं तर अतिशयोक्ती होईल, पण थोडीच. नवशिक्यानं याचा एखादा भाग जरूर पाहावा. गायकीपेक्षा परीक्षकांची भांडणं अधिक रंगतात.

यशाची किंमतही होती. २००० च्या नोव्हेंबरात तिच्या मुलाचं अपहरण झालं आणि मोठी खंडणी देऊन त्याला सोडवावं लागलं. त्यानंतर ती बराच काळ मंचापासून दूर राहिली. २००८ च्या ‘उजी स्लोबोद्नो’ या अल्बमनं ती परतली. नावाचा अर्थ, खुशाल आत या. साशा पोपोविच १ मार्च २०२४ ला वारला. दोघांची साथ १९८० पासूनची.

पायरी ८: पुढे कुणाकडे वळायचं

ब्रेना पचली की त्सेत्सा ऐका. स्वेत्लाना हे तिचं खरं नाव, जन्म १९७३, सर्बियातलं झितोराजा गाव, पहिला अल्बम १९८८ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी. ब्रेना हसवत नाचवते, त्सेत्सा रडवत नाचवते. तिची बरीचशी गाणी मारिना तुत्साकोविच या कवयित्रीनं लिहिली, २०२१ मध्ये ती गेली तेव्हा सगळ्या बाजूंच्या लोकांनी हळहळ व्यक्त केली. त्सेत्साचं चरित्र मात्र गाण्यापासून वेगळं काढता येत नाही. १९९५ मध्ये तिनं आर्कानशी लग्न केलं. निमलष्करी टोळीचा हा म्होरक्या, पुढे हेगच्या न्यायाधिकरणानं त्याच्यावर आरोप ठेवले. लग्न गाजलं, त्याची कॅसेट विकली गेली. जानेवारी २००० मध्ये त्याला बेलग्रेडमध्ये गोळ्या घातल्या, त्याच इंटरकाँटिनेंटल हॉटेलात जिथं ब्रेनाचं लग्न लागलं होतं. सौम्य सुरुवात हवी असेल तर द्रागाना मिर्कोविच बरी.

पायरी ९: प्रत्यक्ष मैफलीत किंवा लग्नात गेलात तर

युरोपातल्या बऱ्याच शहरांत, विशेषतः व्हिएन्ना, श्टुटगार्ट, म्युनिक इथं, या लोकांची लग्नं आणि कफाना म्हणजे गाण्याची खानावळ तुमच्या वाट्याला येऊ शकते. काही गोष्टी ध्यानात ठेवा.

भाषेचं नाव आपण होऊन घेऊ नका. सर्बियन, बोस्नियन, क्रोएशियन यांपैकी काहीही म्हणालात तरी कुणीतरी दुखावतो. ते स्वतः अडचणीतून सुटायला ‘नाश्की’ म्हणतात, म्हणजे आपली. तुम्ही ‘तुमची भाषा’ म्हणा. ब्रेनानं २०१७-१८ च्या दौऱ्याचं नावच या वादावर ठेवलं: ‘पेवा’ म्हणा की ‘प्येवा’, फरक पडतो का? दोन्हींचा अर्थ गातो, पुन्हा तोच गळणारा ‘य’. मी हे तेताला मोठ्या उत्साहानं सांगितलं. ती म्हणाली, “तिला नसेल पडत. तिच्या नावात ‘य’ कुठं आहे?” मी गप्प बसले. कॉफीबरोबरचा साखरेचा खडा तिनं माझ्याकडे सरकवला.

शब्द थोडे आपलेच भेटतील, तुर्कांच्या वाटेनं तिकडे गेलेले. साखरेला ‘शेचेर’, साबणाला ‘सापून’, वैऱ्याला ‘दुश्मन’ आणि वादकाला द्यायच्या पैशाला ‘बाक्शिश’. हे बक्षीस द्यायची रीत अशी की नोट अकॉर्डियनच्या भात्याच्या घडीत खोचायची. वादक वाजवायचं थांबवत नाही, नोट भात्याबरोबर उघडते-मिटते. छोटी नोट चालते, नाणं मात्र देऊ नका.

फर्माईश करायची तर जुनं गाणं सांगा. ‘मिले वोली दिस्को’ म्हटलंत की टेबलावरच्या वयस्कर बायका तुमच्याकडे वळून पाहतील. ‘युगोस्लोवेन्का’ मागायचं असेल तर आधी टेबलावर कोण कोण बसलंय ते बघा.

आणि कोलो सुरू झाला की रांगेच्या शेपटीला हात धरा. पुढे, ‘कोलोवोजा’च्या, म्हणजे रांग ओढणाऱ्याच्या आधी जाऊन कधी उभे राहू नका, तो मान त्याचा. पावलं चुकली तरी हात सोडायचा नाही, शेजारचा ओढून नेतो. मी पहिल्यांदा नाचले तेव्हा मोठाल्या ढांगा टाकत होते. शेजारी तेता होती. तिनं माझा हात खाली दाबला आणि कानाशी म्हणाली, “सित्नीये, सित्नीये.”